कुणाच्या पायाची धूळ?

शिंदखेड्याला कवींचा मेळावा होता. गिरणी कामगार म्हणून मलाही पाच मिनिटं दिली. कविता वाचून खाली उतरलो तर एक प्राध्यापक महाशय जवळ आले. खांद्यावर हात ठेवला (त्यांच्या आज्यानं ठेवला नसता, तेवढी सुधारणा मान्य) आणि म्हणाले, "कविता बरी आहे, पण धूळ हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरता. आपल्या परंपरेत धूळ म्हणजे नम्रता. संतसुद्धा स्वतःला पायांची धूळ म्हणवून घेतात. एवढा कडवटपणा कशाला?"

मला रात्रपाळी गाठायची होती. उत्तर तिथं देता आलं नाही, इथं देतो. त्यांचं नाव लिहीत नाही. असं बोलणारे ते एकटे नाहीत, मासिकं भरून आहेत.

महाशय, नम्र व्हायला आधी उभं राहायला जागा लागते. गादीवरचा माणूस सतरंजीवर येऊन बसला की लोक म्हणतात, बघा किती साधा! ज्याला पहिल्यापासून उकिरड्याशेजारी बसवलाय तो आणखी कुठं उतरणार? 'मी तुमच्या पायाची धूळ' असं तो म्हणाला तर ती नुसती हजेरी झाली. हो मालक, ठेवलं तिथंच आहे.

आणि मराठीत धूळ एक नाही. आधी विचारावं लागतं, कुणाच्या पायाची? गुरूच्या, साधूच्या, भटजीच्या पायाची असली तर ती चरणरज. कपाळाला लावायची. पाहुण्याची असली तर पायधूळ. 'एकदा आमच्याकडे पायधूळ झाडा' असं आर्जवानं बोलवायचं. गाईच्या खुरांची असली तर गोरज. संध्याकाळी गुरं गावात परततात तेव्हा उडणारी ही धूळ इतकी शुभ की तिच्या मुहूर्तावर लग्न लावतात, पत्रिकेत छापतात.

आणि महाराच्या पायाची? लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाचं भाषण लिहिलं. मंडळानं ते होऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी स्वतः छापलं. त्यात हे आहे. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावं लागे. आपल्याच पावलांनी तुडवलेली धूळ मागच्या मागे झाडत जायची, कारण तिच्यावर सवर्णाचा पाय पडला तर तो बाटणार. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं. म्हणजे गाईच्या खुराखालची धूळ लग्नाला चालते आणि माणसाच्या पायाखालची रस्त्यालाही चालत नाही. रस्ता तोच, धूळ तीच. मग शिवी मी घातली, की ती घातलेली होती आणि मी नुसती मोठ्यानं वाचली?

धुळवडीचं घ्या. शिकलेले लोक धूलिवंदन म्हणतात. धुळीला वंदन, कॅलेंडरातसुद्धा छापलेलं असतं. कमलाकर भट्टाचा 'निर्णयसिंधू' नावाचा धर्मशास्त्राचा ग्रंथ आहे, १६१२ सालचा. होळीच्या दुसऱ्या दिवसाचा एक विधी त्यात दिलाय. श्वपचाला म्हणजे अंत्यजाला शिवावं आणि मग स्नान करावं. असं करणाऱ्याला पाप लागत नाही, आधी-व्याधी होत नाही. वर्षातून एकदा आम्हाला शिवायचं ते औषध म्हणून, आणि औषध घेतलं की लगेच धुऊन टाकायचं. त्या दिवशी धुळीला वंदन आणि माणसाला आंघोळ! ही तुमची परंपरा. कडवट मी कुठून आणू, ती पुरवते.

तुम्ही संतांचं नाव घेतलंत. घेऊ. नामदेव महाराजांनी पंढरपूरच्या महाद्वाराची पायरी मागून घेतली, वारकऱ्यांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून. त्यांच्यावर माझा राग नाही. शिंप्याचा माणूस, देवळात त्यालाही ढकललाच होता. पण त्याच पायरीसमोर चोखोबाची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर गेला. भिंत कोसळली आणि तो इतर मजुरांबरोबर मातीखाली गेला. साल १३३८ सांगतात. हाडं नामदेवांनी गोळा करून आणली. एकानं धूळ मागून घेतली, दुसऱ्यावर ती मजुरी करताना पडली. दोघांना तुम्ही एका ओळीत बसवून नम्रता शिकवता! चोखोबाच्या लोकांना ती पायरी ओलांडून आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं. आमच्या खान्देशात अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेले साने गुरुजी त्या मे महिन्यात पंढरपुरात उपाशी बसले, तेव्हा दार उघडलं. १३३८ ते १९४७, ६०९ वर्षं. एवढा वेळ धूळ खाल्ल्यावर माणूस नम्र होतो की त्याचा घसा बसतो, ते प्राध्यापकांनी सांगावं.

जुन्या शाळेत दगडी पाटी नव्हती. फळीवर धूळ पसरायची आणि बोटानं अक्षर गिरवायचं. ती धूळपाटी. पोराची पहिली अक्षरं ती धुळाक्षरं. शांता शेळके यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'धूळपाटी' नाव दिलं. चांगलं नाव आहे, माझी तक्रार नाही. पण माझ्या डोक्यात दुसरंच येतं. गावभरची धूळ ज्यांच्या अंगावर होती, त्यांनाच ती फळीभर धूळ मिळाली नाही. धूळ फुकट होती. फळी काही चंदनाची लागत नव्हती. बोट आम्हालाही होतं. १८४८ साली फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तर शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल. अक्षराची धूळ नको, तर ही घ्या.

'धूळ खात पडणे' हाही वाक्प्रचार तुमचाच. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यावर धूळ खात पडलेली दप्तरं काढली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड केले. १९२६ साली ते धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं आहे. मोठं काम, कबूल. पण धूळ खात पडायलासुद्धा माळा लागतो, फडताळ लागतं, दप्तराला रुमाल लागतो. आमच्या आज्याचं दप्तर म्हणजे वेसकराची काठी आणि तिचं घुंगरू. ते कुणाच्या माळ्यावर सापडणार?

आमच्या अहिराणीत 'ळ' टिकत नाही. धूळ म्हणजे धूय, धुळे म्हणजे धुये. माय उन्हाळ्यात दिवसातून तीनदा घर झाडते आणि म्हणते, "गावनी बठी धूय आपलाज घरमा येस." गावाची सगळी धूळ आपल्याच घरात येते. माय कुरकुरत नाही, ती भूगोल सांगते. आमची वस्ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आमच्यावरून गेलेलं वारं गावावर जाऊ नये म्हणून जुन्यांनी ती बघून बसवली. चैत्र-वैशाखात बुराईचं पात्र कोरडं पडतं, वारं सुटतं, आणि गावाच्या अंगणातला, खळ्यातला, बाजारातला धुराळा शेवटी येऊन आमच्या पत्र्याखाली थांबतो. भाकरीत कचकच लागते. दाताखाली खडा आला की बाप म्हणतो, खा, गावाचंच आहे.

आता ते मातीचे कवी. मातीचा वास, मातीशी नाळ, काळी आई. भाऊ, माती आणि धूळ यात फरक काय? मातीला सातबारा असतो. उताऱ्यावर नाव चढलं की ती माती, ती आई. ज्याचं नाव नाही त्याला तीच धूळ, दिवसभर अंगावर घ्यायची आणि सांजच्याला झटकायची. पाऊस यायच्या आधी कोरड्यातच कापूस लावतात, त्याला धूळपेरणी म्हणतात. रानात वाकलेली बाई आमच्या वस्तीतली. तोंडाला फडकं बांधूनही धूळ तिच्या दातांपर्यंत जाते. आभाळ पाघळलं, कोंब वर आला, की फोटो मालकाचा, कविता मातीची. १९५८ च्या कायद्यानं आमची वतनं संपली. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तेव्हा खान्देशातली माणसं तुरुंगात गेली. ती माणसं धुळीची माती करायला निघाली होती. मातीच्या कवींनी त्यावर किती लिहिलं ते शोधा. मी शोधतोय.

पण एक सांगितलं नाही तर खोटं होईल. सातबारा असला म्हणजे सुटका झाली असंही नाही. आमच्याच तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील, ८४ वर्षांचे. वीजप्रकल्पासाठी जमीन गेली, मोबदला कवडीचा वाटला, सरकारदरबारी खेटे घालून थकले. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात जाऊन त्यांनी विष घेतलं आणि त्यातच गेले. मी तेव्हा शाळेत होतो. 'मातीमोल' हा शब्द मला त्या आठवड्यात गुरुजींशिवाय समजला. पाटलाची काळी आई सरकारच्या टेबलावर गेली की तिचीही धूळ होते. हे पाटलांच्या पोरांना कळलं तर आमचं-त्यांचं बोलणं सुरू होईल. अजून झालेलं नाही.

हे सगळं जुनं झालं म्हणाल. मग माझ्या खात्यात चला. मी सूतगिरणीत आहे. कुठल्या, ते सोडा. कापसाच्या गाठी फोडतात ती ब्लो रूम, पुढं कार्डिंग. कापसाबरोबर पानाचा चुरा, बोंडाच्या सालींचा भुगा, माती, सगळं येतं. यंत्र कापूस पुढं पाठवतं आणि बाकीचं हवेत सोडतं. दिव्याखाली बघा, बर्फ पडतो तसं दिसतं. सिनेमातला बर्फ, खरा आम्ही पाहिलेला नाही. भुवया पांढऱ्या, केस पांढरे. विशीतला गडी पाळी संपून बाहेर येतो तो आपल्या बापासारखा दिसतो. गूळ खा म्हणतात, धूळ पोटातून निघून जाते. आम्ही खातो. धूळ पोटात नसते, छातीत असते, हे आम्हालाही कळतं. पण गूळ गोड असतो.

या दुखण्याला नाव आहे, बिसिनोसिस. सुट्टी घेऊन माणूस परत कामावर आला की पहिल्याच पाळीला छाती आवळते. आठवडा सरता सरता जरा मोकळी होते, पुन्हा सुट्टी, पुन्हा तेच. वर्षं गेली की ती मोकळी व्हायचीच थांबते. रामाझिनी नावाच्या इटलीतल्या डॉक्टरानं १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात ताग-अंबाडीसारखे वाख पिंजणाऱ्यांच्या छातीत जाणारी धूळ आहे. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी माहीत होतं. आपल्याकडं १९४८ च्या कारखाना कायद्याचं १४ वं कलम खास धुळीसाठी होतं, आणि हा रोग सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत होता. आता कायदे जाऊन संहिता आल्या. आमच्या खात्यातला पंखा तोच आहे. दवाखान्यात गेलं की डॉक्टर विचारतो, बिडी ओढतोस? मान हलवली की कागदावर दमा. दमा झाला की नुकसानभरपाई मागायची कुणाकडं? बिडीच्या कारखान्याकडं?

अमेरिकेत दक्षिणेकडच्या गिरण्यांतल्या कामगारांनी या रोगाला 'तपकिरी फुप्फुस' म्हटलं, त्याच नावानं संघटना बांधली आणि सरकारच्या मागं लागले. १९७८ साली सूतकताईच्या खात्यांसाठी हवेत किती कापूसधूळ चालेल याची हद्द ठरली, घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम. मालक कोर्टात गेले, १९८१ साली वरच्या कोर्टात हरले. त्यांनी आधी धुळीला नाव दिलं, मग माप दिलं. आमच्या मराठीत धूळ चारणे आहे, धूळ झटकणे आहे, डोळ्यांत धूळ फेकणे आहे, धूळधाण आहे. छातीत बसणाऱ्या धुळीला एक शब्द नाही. कोश करणारे कधी ब्लो रूममध्ये आले नाहीत.

आमचे लोक या खात्यांत आले कसे, तेही ऐका. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत अस्पृश्याला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आमची थुंकी लागली तर बरोबरीचा मराठा कामगार बाटणार. पगार तिथंच जास्त. म्हणून आम्ही सूतकताईच्या हलक्या खात्यांत. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो आडवा आल्यासारखा वाटला. गिरणीतही हिशेब पेशवाईचाच. तिथं मडकं, इथं धोटा. फरक एवढाच की गिरणीत धूळ बाटवत नव्हती. ती आमच्याच छातीत जात होती ना!

आता घरातलं. आमच्या लोकांनाही कुणाची तरी पायधूळ हवी असते. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याकडच्या एका गावचं बहिष्काराचं प्रकरण बघून चाळीसगावला उतरले. ते सरळ मुंबईला जाणार होते. वस्तीतल्या लोकांनी हट्ट केला, एक रात्र राहा. टांगेवाले महाराला बसवायला तयार होईनात, मग कुणा आपल्याच माणसानं टांगा हाकला. त्याला हाकता येत नव्हतं. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, आणि टांगेवाला त्याच्याहून स्वतःला वरचा समजतो! हे त्यांनीच लिहून ठेवलंय. त्या रात्री वस्तीनं पायधूळ मागितली ती प्रेमानं मागितली. ते प्रेम मला समजतं. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला मीही जातो. १९३७ साली त्याच तारखेला ते तिथं राहिले होते. पावसात भिजत लोक डोंगर चढतात.

पण त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. आणि आज आमचे पुढारी खुर्चीवर बसतात, पोरं पायावर डोकं ठेवतात, फलकावर छापतात: साहेबांच्या चरणांची धूळ, खाली दहा फोटो. अरे, कमरेचा झाडू सोडायला दोनशे वर्षं लागली आणि तुम्ही ती धूळ कपाळाला लावता? निवडणुकीच्या आधी दुसऱ्या पक्षांचे लोकही वस्तीत पायधूळ झाडायला येतात. झाडून जातात. माय दुसऱ्या दिवशी केरसुणी घेते.

'आम्ही पेशवाईला धूळ चारली' ही घोषणाही मला पूर्ण पचत नाही. १ जानेवारी १८१८ चा मला अभिमान आहे, बाबासाहेब १९२७ साली तिथं गेले होते. पण धूळ खाणं म्हणजे हरणं, ही भाषा कुस्तीच्या आखाड्यातली. आमची आई-आजी हरलेल्या नव्हत्या, तरी रोज धूळ खात होत्या.

आणि प्राध्यापक महाशय, नम्रतेच्या धुळीबद्दल एक शेवटचं. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला. १७ जानेवारी २०१६ ला जाण्याआधी त्यानं पत्र लिहिलं. त्यात त्यानं माणसाला ताऱ्यांच्या धुळीची बनलेली थोर वस्तू म्हटलंय, आणि माणसाला तसं कधी वागवलंच जात नाही, हे म्हटलंय. विज्ञान हेच सांगतं. रक्तातलं लोखंड ताऱ्यांच्या पोटात शिजलं. ते भटजीच्या रक्तात आहे तसंच वेसकराच्या. त्या पोरानं धूळ हा शब्द पायाखालून उचलला आणि आभाळात नेला. तुमच्या परंपरेत, तुमच्या कोशात या धुळीला जागा कुठं आहे? नम्रतेच्या खाली टाकाल का?

आता कामाचं. धुळीचे शब्द मी जमवतोय. कार्डिंगमधले, जिनिंगमध्ये सरकी लोटणाऱ्या बायांचे, खडी फोडणाऱ्यांचे, वीटभट्टीवरचे, दोंडाईच्याला मिरची निवडताना नाका-डोळ्यांत जाणाऱ्या त्या लाल धुळीचे. तिला तिथल्या बाया काहीतरी म्हणत असतीलच. कुणाच्या बापाला खोकल्याच्या उबळीत तोंडी एखादा शब्द येत असेल. जसा बोलतात तसा लिहून या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, अहिराणी असो, भिल्लांच्या बोलीतला असो, शुद्ध करू नका. कोण म्हणतं आणि कुठल्या कामावर, एवढं खाली लिहा. पोस्टकार्ड चालेल.